खाली वजन

पुण्याहून मेल आला तेव्हा मी
बाविसाव्या मशीनचा पट्टा तुटल्याची नोंद करत होते.
दर महिन्याला प्रत्येक कामगाराशी एकट्याने बोलावे,
किमान वीस मिनिटे,
आणि त्या भेटीला एक आकर्षक नाव द्यावे.
सोबत नमुन्याला यादी:
हितगुज, मनमोकळं, दोन गोष्टी, तू आणि मी.
'तू आणि मी' ऐकून इरफान काट्याच्या खिडकीत
इतका हसला की पावतीबुकावर चहा सांडला.
"मॅडम, हे तं लग्नाच्या पत्रिकेवर असते."

मी पाटी लावली: हितगुज. गुरुवार, तीन ते पाच.
चारपर्यंत कोणी फिरकलं नाही.
मग शालिक टेकाम आला, प्रेसवरचा,
अकरा सीझन या मारेगाव फाट्यावर काढलेला.
चपला दाराबाहेर, हातात हजेरीचं कार्ड.
"मॅडम, माहं काय चुकलं?"

आमच्याकडे एकट्याला आत बोलावतात
ते काढायच्या दिवशी.
हितगुज म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं.
ते ऑफिसात, दार लोटून,
माझ्याशी करतात हे ठाऊक नव्हतं.

पाटी पुसली. मनमोकळं, लिहिलं.
बेबीबाई नगराळे झाडू टेकवून वाचत राहिली.
"मन मोकळं होईन ना मॅडम,
मंग हात बी मोकळे होतीन."

दोन गोष्टी, लिहिलं.
देवानंद झाडे आला, उभाच राहिला.
"एक, संडासाले कडी नाई."
आणि दुसरी?
"दुसरी पुढच्या महिन्यात."

जानेवारीत एका दुपारी लाइन गेली.
सगळं जिनिंग एकाएकी गप्प झालं,
हवेतला कापूस तेवढा हळूहळू खाली येत राहिला.
ऑफिसात अंधार, म्हणून मी
वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर जाऊन बसले.
बेबीबाई डबा घेऊन आली, शेजारी टेकली.
ठेचा पुढे सरकवला. बोलायला लागली.
गुडघा. यवतमाळात नर्सिंग शिकणारी पोरगी.
सरकीच्या पट्ट्याची जाळी
दिवाळीपासून तारेनं बांधलेली आहे, हेही.
सांगितलं का नाही?
"इचारलं कोनं?"
मग मीही काही सांगितलं,
ते इथे लिहीत नाही.

उठलो तर खिडकीतून इरफान:
"झालं का खाली वजन?"

गाडी येते तेव्हा भरलेलं वजन,
कापूस उतरवून परत निघते तेव्हा खाली वजन.
फरक तेवढा माल.
हे मी रोज चाळीस पावत्यांवर सही करून पाहते
आणि मला सुचलं नव्हतं.

मग पाटी लागलीच नाही.
"मॅडम, माहं खाली वजन राह्यलं या महिन्यात,"
फाटकातूनच ओरडून सांगायचे.
देवानंदनं दुसरी गोष्ट सांगितली. तिसरी, सातवी.
शालिक चपला घालून यायला लागला.
जाळी बदलली. कडी बसली.

पुण्याच्या फॉर्मात मी तेच नाव भरलं.
उत्तर आलं: नाव जरा नकारात्मक वाटते,
'भरारी' चालेल का?
चालेल, लिहिलं.
त्यांच्या तक्त्यात आम्ही अजून
दर महिन्याला भरारी घेतो.

मार्चअखेर गंजी संपली.
चौदा जणांची यादी आली, या वेळी नावासकट.
मी एकेकाला बोलावलं, त्याच काट्यावर,
दुसरी जागा आता कोणाला पटली नसती.
शालिकनं ऐकून घेतलं, पाठीवरचा कापूस झटकला.
"हे बी खाली वजनच का, मॅडम?"

मी बोलले नाही.
तो पाटावरून उतरला.
आमचा काटा दहा किलोखालचं काही मानत नाही,
तरी खिडकीतला लाल आकडा
एकशे वीसवरून साठावर आला
आणि बराच वेळ तिथेच होता.
इरफाननं पावती फाडली नाही.